घड्याळासारख्या रेघा

चष्म्याच्या दुकानात मी शिरले ती भांडायलाच.

"काल माझ्या बाबांना हात हलवत परत पाठवलंत! मोतीबिंदू काढून बारा दिवस झाले, चष्मा का देत नाही?"

काच पुसता पुसता चष्मेवाला हसला. "बुबुळावरचा छेद अजून भरतोय. तोवर नंबर हलत राहणार. आज चष्मा केला तर महिन्याभरात फेकाल... आणि मला शिव्या द्याल."

"त्या मी आजही देईन!"

"द्या की. पण दर गुरुवारी येऊन द्या. मोजायला लागणारच."

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. शस्त्रक्रियेनं रंग उजळले, पण प्रत्येक काट्याशेजारी दुसरा भुताटकीचा काटा दिसायचा. त्यांच्या दुकानाला कुलूप. हात मांडीवर ठेवून नुसते बसायचे.

गुरुवारी त्यानं बाबांच्या नाकावर नंबर तपासायची जड, गोल चौकट चढवली. भिंतीवर तबकडीसारख्या रेघा होत्या.

"काका, ठळक कुठली?"

"तीन-नऊची. बारा-सहाची पुसट."

"बुबुळ चेंडूसारखं गोल हवं, तुमचं किंचित अंड्यासारखं झालंय. त्यावर ही सिलिंडरची, एकाच दिशेनं बाक असलेली काच. नंबर बरोबर असून भागत नाही, ती कुठल्या कोनात बसते ते बघायचं. दहा अंश चुकलो की तिसरा हिस्सा गुण गेला!"

बोटानं त्यानं काच तसूतसूनं फिरवली... आणि बाबा पुटपुटले, "अहाहा!"

माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा झरोक्यातून सगळं जग आत आणणारा तो कारागीर केवढा! नकळत हात जोडले गेले.

"नमस्कार कुणाला?"

"डोळा घडवणाऱ्याला."

"बरं झालं. मी आपला त्याचा हमाल!"

तिसऱ्या गुरुवारी घरी आल्यावर मी देवापुढे चक्क मागितलं – नंबर अजून थोडा हलू दे, हे गुरुवार संपू नयेत. लगेच जीभ चावली. बापाचं काम अडलंय आणि लेक मागतेय काय!

पण चौथ्या गुरुवारी बाबा म्हणाले, "बारा-सहा पुसटच." पाचव्यालाही तेच.

सहाव्याला त्यानं एकच काच दोनदा दाखवली. "काका, मघाशी हिलाच पुसट म्हणालात, आता ठळक म्हणताय. आणि यंत्र म्हणतं, नंबर दोन आठवडे जागचा हललेला नाही."

बाबांनी चौकटीआडून डोळे मिचकावले. "चौथ्यालाच ठरला रे. सगळ्या रेघा काळ्याभोर!"

"बाबा! मग दुकान?"

"बंद घड्याळं पंधरा दिवसांनी आणखी काय बंद पडणार? इथं मात्र दोघं नुसतेच टकमक बघत बसलेत... चावी कोण देणार?"

मी देवाकडे मागितलं, आणि त्यानं ते बाबांच्या तोंडून दिलं होतं.

चष्मेवाला खाली मान घालून नंबर लिहीत होता. कान लाल झाले होते. "चष्मा गुरुवारी तयार होईल. काका येऊन नेतील. तुम्ही –"

"मी काय?"

"तुम्ही बुधवारी या... काहीच मोजायचं नसेल तेव्हा."

"येईन," मी म्हणाले.

बाबा भिंतीकडे तोंड करून रेघा मोजत होते – मुद्दाम, मोठ्यानं.