केळ्याची कॉफी आणि वरच्या मजल्यावरचं नाक

तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या हातातल्या खोक्याचा तळ फाटला होता आणि अख्ख्या जिन्यात केळी पसरली होती. पिवळीधमक नाहीत हं, काळी. ठिपक्याठिपक्यांची, मऊ, विकायच्या पलीकडे गेलेली. बाहेर पाऊस भुरभुरत होता, केस चिकटलेले, एक चप्पल पायात आणि एक खालच्या पायरीवर. अशा वेळी समोरचा माणूस काय करतो? वाकतो, दोन केळी उचलून देतो, गेला बाजार 'अरेरे' तरी म्हणतो. हा डोळे मिटून उभा. नाक वर.

"काय हो, झोप लागली का?"

"एक मिनिट..." तो म्हणाला. "यातलं एक आतून आंबलंय. तुमच्या उजव्या पायाजवळचं."

मी ते उचलून दाबलं. आतून नुसतं पाणी.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आता बाकीची उचला. त्याला नाक लागत नाही."

तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. आणि काय सांगू... डोळे बरे होते. नाकाइतके मोठे नव्हते, पण बरे होते.

तो आमच्या वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आला होता. कॉफीच्या कंपनीत चाखणारा. म्हणजे पोत्यापोत्यातली कॉफी थोडी भाजायची, दळायची, कपात घालून वर उकळतं पाणी ओतायचं. वर एक जाड थर येतो, तो चमच्याने मोडायचा, त्यात नाक खुपसायचं, मग एक घोट फुर्रकन ओढायचा आणि थुंकून टाकायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच.

"आणि याला काम म्हणतात?" माझ्या आत्याने विचारलं.

मी काय बोलणार? मी केळी पिकवते. बंद, गार खोलीत हिरव्या फण्या रचायच्या, गॅस सोडायचा, आणि दार कधी उघडायचं ते रंग बघून ठरवायचं. दुकानदाराला पिवळी हवीत. जरा पुढे गेली की ती कुणालाच नकोत, ती माझ्यासोबत घरी. घरात मी आणि आत्या. लग्न तिनेही केलं नाही, मीही नाही. तिने ठरवून, मी विसरून.

दुसऱ्या दिवशी तो दारात. हातात कागदाची पुडी.

"नमुन्याची कॉफी उरली होती. काल तुम्ही केळी दिलीत ना..."

"दिली नाहीत. तुमच्या खिशात राहिली होती."

तो लाजला. नाकापासून सुरुवात करून लाजला, खरंच.

आता ती कॉफी आणि ती केळी एकाच ओट्यावर आली, त्यात माझा काय दोष? मी दोन काळी केळी काट्याने ठेचली, छोट्या पातेल्यात साखरेबरोबर मंद आचेवर ठेवली. हलवत राहायचं. आधी पाणी सुटतं, मग रंग येतो, मग ते चिकट, तपकिरी होऊन पातेल्याच्या कडा सोडतं. त्यात दूध. एक उकळी. मग गाळायचं, नाहीतर धागे दातात अडकतात. आणि शेवटी कडक काळी कॉफी, वरून, हळू.

त्याने कप घेतला. नाक घातलं. मग फुर्रकन असा घोट ओढला की आत्याच्या हातातली सुई बोटात गेली. आणि मग सवयीने गडी इकडे तिकडे बघायला लागला. गाल फुगलेले. खिडकीत आत्याची कुंडी होती.

"त्या कुंडीत थुंकलास तर जिन्यावरून खाली सोडीन," आत्या शांतपणे म्हणाली. "आमच्याकडे गिळतात."

त्याने गिळला.

"कधीपासून कॉफी गिळली नव्हती..." तो म्हणाला. "विसरलोच होतो की ती खाली पण जाते."

त्या संध्याकाळपासून तो रोज यायचा. मी त्याला नाकोबा म्हणायचे, तो मला केळेबाई. मी कामावरून आले की तो दारातच सांगायचा, "आज दुपारी दार उघडलंस ना खोलीचं? स्वेटरला वास आहे." मी म्हणायचे, "अजून काय काय वास आहे?" तो म्हणायचा, "सगळं सांगितलं तर आत्या कुंडी फेकतील." आत्या म्हणायची, "कुंडी महाग आहे, पातेलं फेकीन." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एकदा मी गाळणं धरलं होतं, त्याने पातेलं. वाफेत दोघांचे चेहरे. तो म्हणाला, "तुझ्या मानेपाशी पिकायच्या आदल्या दिवसाचा वास येतो." मी म्हटलं, "म्हणजे अजून हिरवीच?" तो म्हणाला, "म्हणजे उद्या."

असं कुणी बोललं की रात्रभर झोप कशी लागेल, तुम्हीच सांगा.

मग त्याला ताप आला. चांगला आठवडाभर. मी वर जाऊन पेज द्यायचे, आत्या जिन्यातूनच ओरडून औषधाच्या वेळा सांगायची. ताप उतरला, तो परत खाली यायला लागला. जरा वाळला होता, जरा गप्प झाला होता. कॉफी मात्र पूर्वीसारखीच प्यायचा. घोट घ्यायचा, माझ्याकडे बघायचा, "छान" म्हणायचा. स्वेटरबद्दल काही बोलायचा नाही. मला वाटलं, लाजतोय. आता लग्नाचं विचारणार म्हणून लाजतोय.

आणि मला सवय आहे... कुणी गंभीर झालं की माझे हात शिवशिवतात.

म्हणून त्या संध्याकाळी मी बटाटा उकडला. बटाट्याचा लगदा दुधात घोटला. साखर पार काळी होईपर्यंत जाळली, त्यात पाणी टाकलं, झालं कडू-गोड काळं पाणी. पातेल्यात केळं नाही, कॉफीचा कण नाही. वर फेस. दिसायला अगदी रोजच्या कॉफीसारखं. आत्या तोंडावर हात धरून बसली. नाकाच्या जोरावर जगणारा माणूस, जिन्यातलं आंबलेलं केळं डोळे मिटून सांगणारा. वास घेताच उडी मारेल, नावं ठेवेल, मग मी हसेन, मग तो मागे धावेल. एवढाच बेत होता.

त्याने कप घेतला. नाक घातलं. घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. मी गाल चावून हसू दाबत होते, तेच त्याला दिसलं असणार.

"वा," तो म्हणाला. "आज जमलंय. भाजणी जरा पुढे गेलीय, पण केळं... अगदी बरोबर पिकलेलं."

मी फुटले. इतकी हसले की ओट्याला धरून खाली बसले. "बटाटा आहे, नाकोबा. बटाटा. कॉफी तर नाहीच आहे त्यात."

तो हसला नाही.

आत्याचा हात तोंडावरून खाली आला. तो कपात बघत होता. तळाशी काहीतरी हरवलंय आणि ते वाकून शोधायचं, तसं बघत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तापापासून. जिभेला गोड कळतं, कडू कळतं. बाकी काही नाही. नाक म्हणजे आता नुसतं चेहऱ्यावर आहे."

डॉक्टर म्हणाले होते, येईल कदाचित. नाही पण येणार. कामावर तो मुख्य चाखणाऱ्या काकांच्या भुवईकडे बघून बोलत होता. भुवई वर गेली की 'चांगली', ओठ मुडपले की 'नको'. पण कंपनी दरवर्षी प्रत्येकाच्या नाकाची परीक्षा घेते. तीन कप ठेवतात, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते सांगायचं. त्या खोलीत माणूस एकटा. काकांची भुवई तिथे नसते. ती परीक्षा महिन्याअखेर होती. नापास म्हणजे चाखणं संपलं.

"आणि त्यानंतर मी तुला विचारणार होतो," तो म्हणाला. "तापाच्या आधीच ठरवलं होतं."

"मग विचार."

"कशाच्या जोरावर?"

आत्या उठून आत गेली. ती कधीच उठून आत जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच्या नाकाच्या मागे लागले. आत्याच्या शालीने डोळे बांधायचे आणि एकेक केळं नाकाशी धरायचं. हिरवं, पिवळं, ठिपक्यांचं, काळं. तो पटापट बरोबर सांगायला लागला. मी आनंदाने नाचले. मग शंका आली. सगळी काळीच आणली, पण काही फ्रीजमध्ये ठेवून कडक केलेली. त्याने बोटाने हळूच दाबलं आणि म्हणाला, "हिरवं."

"लबाड," मी म्हटलं. "बोटाने हुंगतोस."

"तू खूश होतेस ना..." शालीखालून तो म्हणाला. "तेवढं कळतं मला. श्वास बदलतो तुझा."

मी शाल सोडली नाही लगेच. माझे डोळे त्याला दिसायला नको होते.

मग मी माझ्या पद्धतीने विचार केला. त्याच्या कंपनीत कप धुणाऱ्या मावशी माझ्याकडून केळी नेतात. परीक्षेचे कप त्याच मांडतात. मी त्यांना गाठलं. वेगळ्या कपाचा कान तेवढा भिंतीकडे फिरवा, बास. मावशी हसल्या. म्हणाल्या, "नवरा करतेस की चोरी?" मी म्हटलं, "मावशी, आधी दुसरं, मग पहिलं."

त्याला सांगितलं तर हो म्हणाला नाही, नको पण म्हणाला नाही.

परीक्षेच्या दिवशी मी खोलीचं दार वेळेवर उघडायला विसरले. एक अख्खी थप्पी पुढे गेली. संध्याकाळी तो आला आणि खुर्चीत न बसता दारातच टेकून उभा राहिला.

"मावशींनी फिरवला नाही का?"

"फिरवला होता. लगेच दिसला."

"मग?"

"मी काकांना आत बोलावलं आणि सांगून टाकलं."

माझा संताप झाला. "डोकं फिरलं होतं का? एक कप उचलायचा होता फक्त."

"तो कान भिंतीकडे... बघितला आणि वाटलं, हे आता कायमचं. कंपनीत कपाच्या कानाकडे बघायचं, काकांच्या भुवईकडे बघायचं, घरी येऊन तुझ्या तोंडाकडे बघायचं. तू हसलीस की छान म्हणायचं."

"माझ्या तोंडाकडे बघायला काय वाईट आहे?"

"वाईट नाही. दिवसभर बघीन."

"मग बघ ना."

त्याने बघितलं. बराच वेळ. मग सांगितलं. काकांनी दुसऱ्या गावच्या गोदामात जागा दिली होती. पोती मोजून घ्यायची, ट्रक भरायचे. तिथे नाक नको.

"इथे नाही का गोदामं?" मी म्हटलं. "माझ्याच खोलीत माणूस हवाय. नाक नसलेलाच बरा, तिथे डोकं दुखतं वासाने."

"तेच तर," तो म्हणाला. "मला आठवतो गं तो वास. या घराचा. तुझ्या स्वेटरचा. वर झोपलो की डोळे मिटून आठवतो, अगदी स्वच्छ येतो. पण रोज इथे येऊन बसतो, तू समोर असतेस, वाफ समोर असते, आणि काही येत नाही. रोज थोडा थोडा तो आठवणीतला पण पुसला जातोय. जेवढा उरलाय तेवढा घेऊन जाऊ दे मला."

मी गॅस पेटवला, केळी ठेचली, साखर टाकली.

"सांग ना," तो म्हणाला. "कसा येतोय?"

"मला नाही तुझ्यासारखं सांगता येत."

"येईल तसं."

"आता... गोड आहे. पण थोडं भाजल्यासारखं. आत्या इस्त्री करते ना, कापड करपायच्या एक क्षण आधी, तसं. आता कॉफी टाकली. आता वाटतंय... कुणीतरी पावसातून घरी आलंय आणि दार लावलंय."

तो डोळे मिटून ऐकत होता. प्यायला नाही. कप दोन्ही हातांत धरून बसला, गार होईपर्यंत.

तो जाताना आत्याने त्याला चादर दिली. म्हणाली, "परत आणून दे. माझी चांगली चादर आहे."

तो गेला त्याला आता बरेच दिवस झाले. रविवारी फोन करतो. मी नाकाचं विचारत नाही, तो सांगत नाही. तिथल्या मुकादमाची नक्कल करतो, मी आत्याची करते. आत्या मागून ऐकते आणि दुरुस्त करते. कॉफी मी अजून करते. चांगली होते. आत्याला विचारलं तर म्हणते, "मला काय विचारतेस, मी काय चाखणारी आहे?"

गेल्या रविवारी फोन आला. मागे ट्रक मागे घेत होते, कुणीतरी 'येऊ दे, येऊ दे' ओरडत होतं.

"गेला," तो म्हणाला. "काल रात्री खूप प्रयत्न केला. स्वेटर आठवतो, रंग आठवतो, बटण तुटलेलं आठवतं. वास येत नाही. तुझा वास विसरलो मी."

मी खिडकीपाशी उभी होते. आतून आत्याने विचारलं, कोण आहे. मी हाताने गप्प बस म्हटलं.

"मग आता तिकडे काय सांभाळत बसलायस?" मी म्हणाले. "ये."

ट्रक थांबला होता, ओरडणंही थांबलं होतं. त्याने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.