तिसरी गोळी

वासंतीबाईंचं पत्र येऊन तेवीस दिवस झाले होते आणि मी उत्तर दिलं नव्हतं. लिहिलं सात वेळा. पण चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली. स्वतःचं वाक्य दिसलं की लाल पेन हातात येतं. दर वेळी शेवटी ‘सप्रेम नमस्कार’ तेवढा उरे... आणि त्यातलाही ‘सप्रेम’ मी खोडत असे.

पत्र छोटं होतं. ‘फोनवर तुम्ही नुसतं हं म्हणता, म्हणून लिहिते. लेक नाशिकला कायमची ये म्हणते. दसऱ्याला तिला उत्तर द्यायचंय. तुम्ही थांब म्हणालात, तर माजिवड्यातच राहीन.’

आमची ओळख नौपाड्यातल्या एका दवाखान्यात झाली. दोघांनाही न्यूमोनिया होऊन गेलेला. हातात श्वासाच्या व्यायामाचं प्लॅस्टिकचं यंत्र – नळीतून श्वास ओढायचा, की तीन गोळ्या वर चढतात. माझी एकच चढे. शेजारच्या बाईंच्या दोन. मी चोरून पाहिलं, त्यांनी नेमकं तेव्हाच पाहिलं – आणि माझी ती एकुलती गोळीही खाली आली.

“काका, श्वास नळीतून घ्यायचाय,” व्यायाम शिकवणारी संचिता म्हणाली. “तिकडे बघून नाही.”

वासंतीबाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. डॉक्टरकडे जाण्याआधी खोकल्याबद्दल नीट वाचून घ्यावं म्हणून मी पंधरा दिवस तो अंगावर काढला, हे ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांनाच उबळ आली. मग माझ्या एक्स-रेच्या पाकिटावर त्यांनी पेन्सिलीने फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या काढल्या, द्राक्षांच्या घोसासारख्या. त्यांत राखणदार पेशी असतात. थोडे जिवाणू आले तर त्या स्वतःच गिळतात. फार झाले की रसायनं सोडून हाक मारतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावत येतात, जिवाणू गिळतात, पुष्कळशा तिथेच मरतात. मागची आवराआवर पुन्हा राखणदारांकडेच.

“आणि हाक चुकली तर?” मी विचारलं.

“चुकते कधीकधी. नको इतकं सैन्य येतं, फुप्फुसालाच इजा होते.” त्यांनी पेन्सिल माझ्या हातात ठेवली. “पण सहदेवराव, हाकच मारली नाही, तर माणूस जातो.”

त्यानंतर मंगळवारी आणि शुक्रवारी मी डोंबिवलीहून तासभर आधीच येऊ लागलो. त्याही येत. महिन्याभरात त्या बऱ्या झाल्या, येणं थांबलं, आणि ते पत्र आलं.

दसरा चार दिवसांवर असताना माझ्या तिन्ही गोळ्या चढल्या. संचिताने टाळ्या वाजवल्या. मी मात्र सवयीने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. रिकामी होती.

“वासंतीमावशींना सांगितलंत का?” तिने हळूच विचारलं.

मी पिशवीतून एक्स-रेचं पाकीट काढलं. चित्रात एक बाण चुकून खोडलेला, एक पिशवी वाकडी. इतक्या दिवसांत मला ते एकदाही दुरुस्त करावंसं वाटलं नव्हतं. संचिताकडून निळं पेन आणि कागद घेऊन मी तिथेच लिहिलं –

‘वासंतीबाई, थांबा. आज तिसरी गोळी चढली आणि, शेजारी तुम्ही नव्हतात. मला तुम्ही रोज शेजारी हव्या आहात.’

पोस्टात स्पीडपोस्टच्या खिडकीवरच्या बाईंनी पत्राचं पाकीट परत सरकवलं. चिकटवायचं राहिलं होतं. कागद बाहेर डोकावत होता. ‘आणि’नंतर एक स्वल्पविराम उगाच पडलेला...

तो तसाच राहू दिला. पाकीट चिकटवलं आणि त्यांच्या हातात दिलं.