सरकणारा खळगा

शेगडीत अजून दोन पीटचे तुकडे टाका आणि ऐका. ही गोष्ट फर्गल टूहीची. माझ्या मेव्हण्याचा शेजारी. देव अक्कल वाटत होता तेव्हा हा देवालाच शिकवत उभा असणार. हातात ड्रोन काय आला, स्वतःला गरुड समजायला लागला.

काम साधं होतं. गावामागच्या दलदलीतलं पीट, म्हणजे ही जळणाची माती, काढून संपलं होतं, आता चर बुजवून तिथे पुन्हा पाणी भरायचं होतं. जमीन कुठे खचते, कुठे फुगते ते बघायला फर्गल दर महिन्याला ड्रोन उडवायचा. मागच्या नकाशावर नवा नकाशा ठेवायचा. खचलं तिथे लाल, फुगलं तिथे निळं. जुळवणीचं काम त्याच्या जोडीच्या ऊनाकडे.

जूनमध्ये ऊनाला एक लाल डाग दिसला. माणूसभर लांब, वीतभर खोल. जुलैत तो रस्त्याच्या बाजूला सरकला होता. ऑगस्टमध्ये आणखी अलीकडे. ऑक्टोबरमध्ये तिने सगळे नकाशे एकावर एक ठेवले. डाग एका रेषेत आले. कुणी निजावं, उठावं, थोडं चालून पुन्हा निजावं, तसे.

"खड्ड्याला पाय फुटले की काय?" फर्गल खिदळला. "यंत्राची चूक आहे. पुसून टाक."

"दर महिन्याला, तीही एकाच रेषेत?"

"तुला मोजायला ठेवलंय ऊना, घाबरायला नाही."

गावात कुजबुज झालीच. म्हातारी अट्रॅक्टा काठी टेकत ऑफिसात आली. तिचा भाऊ मॅलकी तरुणपणी पीट कापायला गेला, तो परतलाच नव्हता.

"लेका, पाणी सोडायच्या आधी तिथे एकदा खणून बघ. भाऊ आहे रे माझा."

"आजीबाई, तुमचा भाऊ एखादीचा हात धरून लिव्हरपूलला पळाला असेल. नाहीतर बेडकांना विचारा."

आणि त्या दीडशहाण्याने तिच्यासमोर बटण दाबलं. नकाशावरचा खळगा गेला. जमीन सपाट.

म्हातारी काठी टेकत दाराकडे वळली. "मी कशाला विचारू? तूच विचार त्याला," एवढंच म्हणाली.

शेवटची फेरी दोन नोव्हेंबरला होती. मेलेल्यांची रात्र. दुसऱ्या दिवशी पाणी सोडायचं होतं. ऊनाने यायला साफ नकार दिला. "भित्री कुठली!" म्हणत फर्गल एकटाच निघाला.

उजेड होता तोवर त्याने ड्रोन उडवला, उतरवला. मोटारीत बसून आजचा कच्चा नकाशा ऑक्टोबरच्या नकाशावर ठेवला. दलदलीत लाल काहीच नव्हतं.

"गेला वाटतं मॅलकी!" तो एकटाच हसला.

बाहेर अंधारून आलं होतं. त्याने नकाशा सरकवला. रस्त्याकडे...

होता.

त्याच्याच मोटारीला लागून. डाव्या दाराशी. पण या वेळी डाग लांब नव्हता. दोन होते. छोटे. शेजारी शेजारी.

पावलांएवढे.

डावीकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही. किल्ली फिरवली. मोटार निघाली.

टिंग.

टिंग. टिंग.

बाजूला बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजते ना, ती घंटा.

"को... कोण?"

ओला वास. जुना. मातीचा.

टिंग. टिंग...

मग घंटा थांबली.

फर्गल समोर बघत राहिला. फक्त समोर. पहिला दिवा दिसला तो अट्रॅक्टाच्या घराचा. मोटारीतून उडी मारून, दार ढकलून तो आत कोसळला. हाच तो गरुड! दात वाजत होते, पँट ओली.

"खणतो... उद्याच खणतो... देवाशप्पथ."

म्हातारी त्याच्या खांद्यावरून बाहेर बघत होती.

"एकटाच आत आलास?" ती म्हणाली. "त्याला पण बोलाव ना."

दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं नाही. आठवडाभर खणलं. हाती काही लागलं नाही. फर्गलने ड्रोन विकला. आता सायकलवरून फिरतो, तेही दिवसाउजेडी, आणि कुणी विचारलं तर व्यायाम म्हणून सांगतो.

अट्रॅक्टाच्या दारातली मोटार आणायला त्या रात्रीनंतर सकाळी ऊना गेली होती. काचा बंद होत्या. आत कुणी नव्हतं. बाजूची सीट कोरडी होती.

पट्टा मात्र लावलेला होता.