आयसीयूतला मराठीचा क्लास

“काका, हात खाली ठेव. तू खूप स्ट्राँग आहे!”

आयसीयूच्या दारातच नेत्रा थबकली. नागपूरहून अमेरिकेत पिस्कॅटवेला लेकीकडे आलेले तिचे बाबा, मोरेश्वरराव, न्यूमोनियाने आडवे झाले होते. घशात व्हेंटिलेटरची नळी. आणि हा उंच, निळ्या कपड्यांतला नर्स त्यांना चक्क अरे-तुरे करत होता!

“माझ्या बाबांना ‘तू’?”

तो कानांपर्यंत लाल झाला. “सॉरी... घरी आई मला तूच म्हणते ना. मी नकुल. इथेच जन्मलो.”

एवढ्या काळजीतही तिला हसू फुटलं.

बाबा भ्रमात होते, सारखी नळी ओढायला बघत. “हात बांधावे लागतील,” डॉक्टर म्हणाले, तसे तिचे डोळे भरले.

“वेट,” नकुल म्हणाला. “त्यांचा चष्मा? कानाचं मशीन? त्यांना आपण दिसत नाही, ऐकू येत नाही... म्हणून घाबरलेत.”

ती घरी जाऊन दोन्ही घेऊन आली. चष्मा चढवताच बाबांची नजर तिच्यावर स्थिरावली. मुठी हळूहळू सैल पडल्या.

मग रोज ऑफिस सुटलं की ती तिथे. नकुल बाबांना आधार देऊन बसवायचा. ती त्याचं मराठी सुधारायची.

“‘श्वास घे’ नाही, ‘श्वास घ्या’.”

“तू इतकी जवळ उभी राहिलीस तर मलाच घ्यावा लागेल—” तो बोलून गेला, आणि घाईघाईने मॉनिटरकडे वळला.

व्हेंटिलेटर पहिल्यांदा काढून पाहिला, तेव्हा बाबांना दम लागला. पुन्हा लावावा लागला. नेत्रा कॉरिडॉरमध्ये रडली. नकुल शेजारी नुसता उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मात्र नळी निघाली.

“चहा मिळेल का?” बाबांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“आधी गिळायची टेस्ट, काका!” नकुलला हसू आवरेना.

बाबांना वॉर्डात हलवलं. नेत्रा सुखावली... आणि उगाचच हिरमुसली. आयसीयूत जायला आता कारण नव्हतं.

एका संध्याकाळी जीन्समधला नकुल वॉर्डच्या दारात उभा.

“ते माझे पेशंट होते, तोवर विचारता येत नव्हतं. आता... डिनरला येशील?”

“बाबांना सोडून कशी—”

“जा गं,” पांघरुणातून आवाज आला. “मी झोपलोय.”

लिफ्टमध्ये ती हळूच म्हणाली, “मी रोज यायचे ना, ते बाबांसाठीच हं... निदान सुरुवातीला तरी.”

बाहेर पाऊस लागला होता. दोघांत एकच छत्री. आणि गाडी कुठे लावली होती, ते नकुलला काही केल्या आठवेना. नेत्राला मात्र रोज पाहिलेली त्याची गाडी समोरच दिसत होती. ती बोलली नाही.