मागच्या तासाशी ताडून

माध्यमांचा प्राध्यापक होता तो. स्लो टीव्हीवर बोलायला लागला की भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची. "लोक तासन्‌तास नदी, बर्फ, चरणाऱ्या मेंढ्या का बघतात? कारण पडदा त्यांच्याकडे काही मागत नाही. माणसाला बघायचं असतं, पण त्यासाठी उठायचं नसतं." टाळ्या पडायच्या.

नव्या निबंधासाठी त्यानं एक प्रक्षेपण धरलं होतं. कोण दाखवतं, पत्ता नाही. एक खोली, लोखंडी खाट, भिंतीकडे तोंड करून झोपलेला म्हातारा. अष्टौप्रहर तेवढंच. अकरा हजार लोक बघत होते. इतक्या दिवसांत त्या खोलीत कुणी तांब्याभर पाणी घेऊनही आलं नव्हतं, आणि अकरा हजारांत एकालाही ते खटकलं नव्हतं. यालाही नाही.

पद्धत त्याची स्वतःची. दर तासाचं एक चित्र मागच्या तासाच्या चित्राशी ताडायचं आणि बदल वहीत मांडायचा. एक्केचाळीस दिवस शून्य. स्वारी खूश होती.

मधूनच बहिणीचा फोन यायचा. बाप तिच्याकडे असायचा.

"दादा, बाबा दोन घास खातात नि तोंड फिरवतात. येऊन जा."

"वय झालंय गं. डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, लेकाला बोलवा."

"निबंध गेला की येतो."

"दोन वर्षं तुझा निबंधच जातोय. तू कधी निघणार?"

बेचाळिसाव्या दिवशी दुपारी, छापायला दोन चित्रं हवीत म्हणून त्यानं पहिलं नि आत्ताचं शेजारी ठेवलं.

म्हातारा वळला होता. तासाला केसभर सरकत, अख्खा या कुशीवरून त्या कुशीवर. पहिल्या दिवसाशी ताडून बघावं, हे या विद्वानाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

चेहरा बापाचा होता. डोळे थेट याच्यावर. तोंड अर्धवट उघडं.

त्यानं फोन लावला. "बाबांच्या खोलीत कॅमेरा कुणी लावला?"

"कसला कॅमेरा? दादा, निघ आता. आजचा दिवस निघेल असं वाटत नाही."

बसनं दोन तास. त्यानं पायात चप्पल सरकवली. जाता जाता पडद्याकडे बघितलं.

ओठ हलत होते. मिनिटाला तीळभर.

बेचाळीस दिवसांत पहिली घटना, आणि ती टिपायला दुसरं कुणी नव्हतं. काय म्हणतोय तेवढं कळू दे, मग निघू.

तो बसला.

ओठांचा चंबू झाला. तास गेला. जीभ टाळूला लागली.

ऊठ.

त्यानं ते वहीत लिहिलं. वेळही लिहिली.

साडेपाचला फोन वाजला.

"गेले," बहीण म्हणाली. रडत नव्हती. "महिनाभर म्हणत होते, तो बघ, समोर बसलाय वही घेऊन. मी हाका मारतोय, तो उठत नाही. मला वाटलं, भ्रम झालाय."

त्यानं वही मिटली.

"त्यांचं समाधान व्हावं म्हणून भिंतीशी एक खुर्ची ठेवली होती. रिकामीच. आता माणसं येतील, म्हणून उचलायला गेले."

"मग?"

"बसायची जागा गरम लागतेय हाताला."