बारीक रेघा

बायको गेल्यावर दहा महिन्यांनी अक्षरकाराने तिच्या हस्ताक्षरावरून छपाईचा टाइप करायला घेतला. आजारपणात ती सहा महिने दूरच्या दवाखान्यात होती. तिथून तिने एकोणीस पत्रं धाडली होती. उजवीकडे कललेलं डौलदार अक्षर. जाड रेघ भरदार आणि बारीक रेघ केसासारखी. हे अक्षर एकदा छापलं गेलं की ती आपल्या हातून कधीच सुटणार नाही, अशी त्याची भाबडी समजूत होती.

मथळ्यांसाठी हा टाइप घेणाऱ्या मासिकाच्या संपादकबाई नमुन्यावर खूश झाल्या.

"देखणं आहे हो! फक्त बारीक रेघा अजून बारीक करा. मथळा आहे, दुकानाची पाटी नव्हे."

त्याने केल्या. त्याचा एक जुना दंडक होता. मूळ अक्षर एकदा उतरवून घेतलं की काम संपेपर्यंत त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, नाहीतर हात नक्कल करत बसतो. त्यामुळे पत्रं कपाटात बंद होती. मध्ये एकदा दुसरंच काही शोधताना त्यातलं एक हाती आलं, तेव्हा बारीक रेघांची शाई फिकी वाटली. जुनी शाई उडणारच, असं म्हणून त्याने ते परत ठेवून दिलं.

बाई काही पाठ सोडेनात. "अजून थोड्या." तोही हट्टाने रेघा तासत राहिला.

टाइप पुरा झाला त्या दुपारी त्याने पत्रं टेबलावर पसरली.

जाड रेघा होत्या तशाच काळ्याभोर होत्या. बारीक रेघा नव्हत्या. कागद कुठे खरवडलेला नव्हता, ओल नव्हती. एकोणीस पत्रांत नुसते तिरके दांडे उभे होते. एकही ओळ वाचता येईना.

संगणकावर त्याने रेघा पुन्हा जाड केल्या, पान छापून काढलं.

पत्रं तशीच राहिली.

तेवढ्यात मुलगी कॉलेजातून आली. त्याने घाईघाईने पत्रं पालथी घातली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती दारातच उभी राहिली.

"बाबा, आई मला झोपवताना हळू आवाजात काहीतरी म्हणायची ना? काय म्हणायची रे? सकाळपासून आठवून बघतेय."

शेजारच्या खोलीतून ते त्याने वर्षानुवर्षं ऐकलं होतं. सांगायला म्हणून त्याने तोंड उघडलं.

बायकोचं रागावून ओरडणं तेवढं त्याला शब्दन् शब्द आठवलं.