पंधरावी काठी

पोळी तव्यावर करपली, आणि पद्मिनीला ते कळलंसुद्धा नाही!

स्वयंपाकघराच्या दारात हेमचंद्र आपली नवी कोरी गोल्फची बॅग उघडून बसले होते. ज्या खेळाला त्यांनी जन्मभर 'गवतात काठ्या फिरवणं' म्हणून नाक मुरडलं, तोच शिकायला ते आज निघाले होते, कारण रिटायर झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. आणि शिकवणार होता त्यांचा इंग्रज जावई, कॉलिन. नियम वाचल्याशिवाय हेमचंद्र साधा टोस्टरही लावत नसत. त्यांनी सहज वाचून दाखवलं, की बॅगेत चौदाच काठ्या चालतात. एक जरी जास्त निघाली तरी दंड बसतो, एका फेरीत चार फटक्यांपर्यंत.

चौदाच…? पद्मिनीच्या हातातलं उलथनं गळून पडलं.

पाच वर्षांपूर्वी, त्र्याऐंशीत, कॉलिन अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या याच घरात आठवडाभर राहिला होता. यॉर्कशरमध्ये वाढलेला, युरोपातल्या स्पर्धांत नाव कमावू लागलेला हा मुलगा त्यांच्या वीणासाठी अमेरिकेत आला होता. इथल्या मोठ्या स्पर्धा खेळायच्या तर कार्ड लागे, आणि त्या कार्डाची चाचणी जवळच्याच मैदानावर होती. हेमचंद्रांनी त्याला जावई म्हणून मनातून स्वीकारलं नव्हतं. आधी कार्ड मिळव म्हणावं, मग बोलू, असा निरोप त्यांनी वीणाकरवीच दिला होता, आणि पुढेही त्याच्याशी ते वीणाकरवीच बोलत राहिले.

चाचणीच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला असताना पद्मिनीने त्याच्या बॅगेला हळदकुंकू वाहिलं. काठ्या मोजल्या तर चौदा. तिच्या माहेरी आहेर असो की लाडवांचा डबा, वर एक घातल्याशिवाय कुणाला पाठवत नसत! गॅरेजमध्ये कॉलिनने सोबत आणलेली, त्याच्या दिवंगत वडिलांची जुनी काठी होती. मैदानाचं गवत राखण्यात आयुष्य गेलेल्या त्या माणसाची तेवढीच आठवण त्याच्यापाशी उरली होती. बापाचा आशीर्वादही सोबत जावा, म्हणून तिने त्या काठीला कुंकू लावून ती हळूच इतर काठ्यांत सरकवली…

संध्याकाळी कॉलिन कार्डाविना परतला. तीन फटके जास्त झाले म्हणून हुकलं होतं. आज नीट खेळलो नाही, एवढंच सांगून त्याने ती काठी गॅरेजच्या खुंटीला अडकवली आणि पद्मिनीकडे पाहून हसला.

पुढच्या वर्षी हेमचंद्रांची बायपास झाली. घराजवळ कुणीतरी धडधाकट हवं, म्हणून कॉलिनने चाचणीला जाणं सोडलं आणि शेजारच्या क्लबात शिकवण्याची नोकरी धरली. हेमचंद्रांनी मात्र 'जिद्द नाही पोरात' असा शेरा मारून ठेवला. तो शेरा दर दिवाळीला फराळाबरोबर वाढला जाई, आणि कॉलिन मान खाली घालून चकली खाई.

बेल वाजली. बॅग खांद्याला लावून आलेल्या जावयाला पद्मिनी थेट गॅरेजमध्ये घेऊन गेली. तिने खुंटीकडे बोट दाखवलं.

"हिच्यामुळेच दंड झाला ना रे त्या दिवशी? खरं सांग, माझी शपथ आहे तुला."

कॉलिनने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"दुसऱ्या होलवर दिसली, आई. मीच ऑफिशियलना सांगितलं. चार फटके वाढले."

"आणि मला नाही सांगितलंस… पाच वर्षं ह्यांचं बोलणं ऐकून घेतलंस!"

"माझी आई मी लहान असताना गेली," वीणाकडून शिकलेल्या मराठीत तो अडखळत म्हणाला. "बॅग नेहमी मीच भरायचो. त्या दिवशी फर्स्ट टाइम कोणीतरी माझ्यासाठी भरली होती. त्याची कम्प्लेंट कशी करणार?"

पद्मिनीच्या डोळ्यांना धारा लागल्या. केवढं मोठं दान आपल्या पदरात पडलं होतं, आणि आपण मात्र या पोराला बिचारा, बिचारा म्हणत राहिलो… अपराधाच्या ओझ्याखाली दबलेलं तिचं अंतःकरण कृतज्ञतेने भरून आलं.

गॅरेजच्या दारात पावलं वाजली. हेमचंद्र नियमांचं पुस्तक हातात धरून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आईंना काही बोलू नका, असं कॉलिन घाईने म्हणाला, तशी त्यांनी मान फिरवून चष्मा पुसला. मग पुढे होऊन त्यांनी कॉलिनच्या बॅगेतली एक काठी काढून भिंतीला टेकवली आणि खुंटीवरची जुनी काठी उतरवली. लोखंडाच्या खाचांत अजून कुंकू होतं. कॉलिनने ते कधी पुसलंच नव्हतं.

"एक मी कमी केली आहे," ती काठी पद्मिनीच्या हाती देत हेमचंद्र म्हणाले. "आता तू घाल."

तिने डोळे पुसले आणि काठी बॅगेत ठेवली. हेमचंद्रांनी बोट लावून एकेक काठी मोजली. चौदा भरल्या. मग वीणाला मध्ये न घालता ते थेट जावयाशी बोलले.

"चल बाळा, शिकव मला."